लाल वीटबाईंना स्वेच्छानिवृत्तीची विनंती

प्रति,
लाल वीटबाई (दोन बाय चार),
मुक्काम बिलुंड, डेन्मार्क.

विषय : धंद्याच्या हितासाठी आपण स्वेच्छेने निवृत्त होण्याबाबत.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

लेगोच्या घराण्यात तुम्ही मानाच्या. पाठीवर आठ उंचवटे, पोटात तीन नळ्या. या जोडणीच्या पेटंटचा अर्ज 28 जानेवारी 1958चा. सेवा प्रदीर्घ झाली. पण बाई, स्पष्टच लिहितो, तुमचं वागणं धंद्याला मारक आहे.

मुळात तुम्ही कोण, हे तुम्ही कधी सांगतच नाही. स्टार वॉर्समधल्या डार्थ वेडरचं यान हे डार्थ वेडरचंच यान असतं. तुम्ही मात्र सकाळी चूल, दुपारी एसटीचं टप आणि संध्याकाळी कुणाची तरी समाधी. तुमच्यासारख्या सहाजणी एकत्र आल्या, तर 91,51,03,765 प्रकारे जुळतात, असा गणितज्ञांचा हिशेब आहे. खोक्यावर चित्र छापायचं कशाचं?

खरं दुखणं मात्र कोर्टात उघडं पडलं. तुमच्या पेटंटची मुदत सरली आणि कॅनडातली एक कंपनी तुमच्याशी जुळणाऱ्या विटा खुशाल विकू लागली. तुमच्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून तरी हक्क मिळावा, म्हणून तुमची मंडळी बरीच झगडली. 2005 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, 2010 साली युरोपीय संघाच्या न्यायालयानेही. तुमचा आकार कामाचा आहे, आणि कामाच्या आकारावर कुणाला कायमची मालकी सांगता येत नाही! म्हणजे तुम्ही कुणाच्याही झालात. वेडरचं तसं नाही. त्याला मालक आहे, करार आहे आणि वकिलांची फौज आहे. दुकानाच्या दर्शनी फळीवर तो का आणि तुम्ही खालच्या कप्प्यात का, हे आता वेगळं सांगायला नको.

तसं 1999 साली आलेल्या स्टार वॉर्स संचांचा परवाना घेताना घरात कुरबुर झालीच होती. लढाईची खेळणी करायची नाहीत हा जुना नेम, आणि पाहुण्याच्या नावातच लढाई. पण पाहुणा आला आणि घरचाच झाला. मागोमाग 2001 साली हॅरी पॉटर आला. 2003 साली दोघांचाही नवा चित्रपट नव्हता, विक्री कोसळली आणि कंपनी जबर तोट्यात गेली. दुसऱ्याच्या गोष्टीवर संसार मांडला की असंच होतं, असं एखादा खवचट माणूस म्हणेल. आम्ही म्हणतो, आणखी गोष्टी आणा.

पेज मोरो आणि मारित गुंडरसन एंगेसेट या संशोधिकांनी 2016 साली एक अभ्यास छापला. सूचना-पुस्तिकेबरहुकूम संच जोडणारे लोक नंतरच्या कल्पकतेच्या कामात मागे पडले, असं त्यात आढळलं. यात रडण्यासारखं काय आहे? कल्पना आटली की गिऱ्हाईक पुढच्या संचाकडे वळतं. 2014च्या ‘द लेगो मूव्ही’त सगळं जग गोंदाने चिकटवून टाकू पाहणारा खलनायक होता. पुस्तिका झुगारा, असा संदेश देणाऱ्या त्या चित्रपटाचेही संच निघाले, अर्थात पुस्तिकेसकट. याला म्हणतात व्यवहार.

आता ताजी तक्रार. आमच्या शेजारच्या मुलाने परवा दहीहंडी बांधली. तळाशी तुम्ही, तुमच्यावर डार्थ वेडर. त्याचं शिरस्त्राण काढून ठेवलेलं, कारण त्यावर पाय बसत नाही. आतल्या डोक्यावर मात्र उंचवटा असतो. त्या उंचवट्यावर एक पाय अडकवून हॅरी पॉटरमधली हर्मायनी उभी, हात हंडीकडे. हंडी म्हणजे कुठल्याशा यानाचा दिवा. डिस्नेचा माणूस खाली, वॉर्नरची मुलगी वर, आणि दोघांमध्ये कसलाही करार नाही! मुलाला विचारलं, हे कुठल्या चित्रपटात आहे? तो म्हणाला, “आमच्या गल्लीतलं आहे.” या सगळ्याला आधार तुमचा होता, हे नमूद करतो.

आम्हा मराठी माणसांना विटेचं माहात्म्य ठाऊक नाही असं समजू नका. पुंडलिकाने हाताला लागली ती वीट भिरकावली आणि देव तिच्यावर उभा राहिला. पण तेव्हा परवाना खातं नव्हतं.

कंपनीने तुम्हाला अगदी वाऱ्यावर सोडलेलं नाही, हे मान्य. ‘क्लासिक’ नावाचा तुमचा डबा अजून मिळतो. ‘क्लासिक’ ही पदवी साधारण कुणाला देतात, हे तुम्ही जाणताच.

सगळ्यात गंभीर बाब अशी की 1958 सालची तुमची थोरली बहीण आजही कोणत्याही नव्या यानात घट्ट बसते. ते यान कुणाचं, कोणत्या भागातलं, ती विचारत नाही. पोरांच्या हाती अशी वस्तू मोकळी ठेवणं जोखमीचं आहे. तरी पत्र मिळताच निवृत्तीचा अर्ज करावा आणि तो मंजूर होईपर्यंत निदान पोरांच्या बादलीत पडून राहू नये, ही नम्र विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
करारमदारांचा एक हितचिंतक