मागच्या गावचं अमृत

आमचे साडूभाऊ साक्कोट्टैच्या देवळासमोर उभे राहिले, डोक्यावरची काळी गोल टोपी सारखी केली आणि म्हणाले, "सान सेबास्तियानला समुद्र आहे."

साक्कोट्टै हे कुंभकोणमच्या दक्षिणेला, मन्नारगुडीच्या रस्त्यावर तीन-चार किलोमीटरवरचं गाव. आजूबाजूला भातखाचरं, नारळी आणि अमृतकलशनाथाचं जुनं देऊळ. समुद्र लांब, तिकडे कारैकालकडे. यात गावाचा काय दोष? पण साडूभाऊंचा स्वर असा, की ग्रामपंचायतीने वेळीच अर्ज केला असता तर समुद्र मंजूर झाला असता.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म बँकेत गेला, त्यामुळे प्रवासाचीही खतावणी ठेवतात. वहीत तीन रकाने: बघितलं, खाल्लं, घेतलं. चौथा बारीक रकाना 'तु.' म्हणजे तुलनेचा. पहिले तीन भरायचे ते चौथ्यासाठी. त्यात मागचं गाव कायम जमेच्या बाजूला आणि समोरचं गाव नावे.

ती टोपी सान सेबास्तियानची. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या बास्क शहरात ते ताईला घेऊन आठ दिवस राहून आले होते. बास्क लोक तिला चापेला म्हणतात आणि स्पर्धा जिंकणाऱ्याच्या डोक्यावर मानाने ठेवतात. विजेत्याला त्यांचा शब्दच मुळी 'चापेल्दुन', म्हणजे टोपीवाला. आपल्याकडे टोपी घालतात ती हरणाऱ्याला. ही कोणत्या प्रकारची, ते दुकानदारालाच ठाऊक. तमिळ उन्हात लोकरीची टोपी घातलेला माणूस बघून देवळातल्या गुरुक्कळांनी ती काढायची खूण केली. साडूभाऊंनी ती काढली, पण हातात अशी धरली की देवालाही दिसावी.

"कोट्टै म्हणजे किल्ला ना? मग बुरूज कुठायत?" त्यांनी मला विचारलं. "तिकडे उर्गुल नावाची टेकडी आहे. वर किल्ला, खाली समुद्र."

लोक या देवळाला कोट्टै सिवन कोविल म्हणतात. आठव्या शतकातल्या सुंदरर या शैव संतकवीने तिरुक्कलयनल्लूर या जुन्या नावाने त्याच्यावर पदं रचली आहेत. कथा अशी, की प्रलयाच्या पाण्यावर ब्रह्मदेवाचा अमृताचा कुंभ तरंगत आला, शंकराने बाण मारून तो फोडला आणि त्याचे भाग जिथे जिथे पडले तिथे तिथे क्षेत्रं झाली. कुंभकोणम त्यातलं मुख्य, आणि कलशाचा एक भाग या साक्कोट्टैत. मी हे रंगवून सांगितलं. साडूभाऊंनी विचारलं, "म्हणजे फुटका माल इथे आला?"

तेव्हा मला वाटलं, हा माणूस सान सेबास्तियानवर जीव टाकून बसलाय. ताईने गैरसमज दूर केला. देवळाच्या ओट्यावर बसून ती म्हणाली, "अरे, तिथे कुठे बघितलं यांनी काही? ला कोंचाचा किनारा चंद्रकोरीसारखा, बघत राहावं असा. हे म्हणाले, गणपतीपुळ्याची वाळू मऊ. 1912 पासून चालणाऱ्या फ्युनिक्युलरने इगेल्दोच्या डोंगरावर गेलो, तर वर पोचल्यावर यांना माथेरानची गाडी आठवली. चिलीदा नावाच्या शिल्पकाराने खडकात लोखंडी पंजे बसवलेत, वारा विंचरायला म्हणे. त्यावर हे म्हणाले, पुलाच्या कामाला आपल्याकडे यापेक्षा चांगल्या सळ्या वापरतात."

खाण्याचंही तसंच. तिथल्या जुन्या पेठेत बारच्या कट्ट्यावर पिंचोस मांडलेले असतात: पावाचा तुकडा, वर काहीबाही आणि मधोमध काडी. साडूभाऊंच्या मते, तो वडापाव व्हायला निघालेला आणि वाटेत हुकलेला पाव. 'गिल्दा' नावाच्या पिंचोला 1946 सालच्या सिनेमाचं नाव. काडीला ऑलिव्ह, मिरची आणि खारवलेला मासा. ताई शाकाहारी. तिच्या वाट्याला आल्या मीठ घातलेल्या तळलेल्या मिरच्या, म्हणजे पुन्हा वडापावच, फक्त वडा आणि पाव वगळून. यांनी चाकोली मागवली तेव्हा तिला वाटलं, वरणातल्या चकोल्या इथे कशा? आली ती आंबटसर पांढरी वाइन. हात उंच करून लांब धारेने ओततात, म्हणजे बुडबुडे उठतात.

कुंभकोणममध्ये परतून आम्ही डिग्री कॉफी मागवली. पितळी डबरा, पितळी टंबलर. कॉफीवाल्याने हात खांद्याच्या वर नेला आणि हातभर धार सोडली. फेस वर आला, वास दरवळला. साडूभाऊंचे डोळे मिटले. मला वाटलं, आता हा माणूस कुंभकोणमला पोचला. डोळे न उघडता ते म्हणाले, "चाकोलीची धार याहून लांब असते."

दुसऱ्या दिवशी इडलीबरोबर इथला प्रसिद्ध कडप्पा आला. "कडप्पा ओट्याला बसवतात, खातात कुठे?" ताईने घाबरून विचारलं. मूगडाळ-बटाट्याचा तो पातळ रस्सा तिने नंतर दोनदा मागून घेतला. खरेदीतही तेच. तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांसमोर साडूभाऊ येवल्याच्या पैठणीवर बोलत राहिले, तोवर ताईने दोन साड्या बांधून घेतल्या. नाच्चियारकोविलला पितळी समई भागाभागाने सुटी होते हे बघून ती म्हणाली, "बरं झालं, चार पिशव्यांत बसेल."

महामहम तलावावर मात्र माझाच तोल गेला. काठावरचे सोळा मंडप मोजून साडूभाऊ म्हणाले, "सान सेबास्तियानच्या चौकातल्या बाल्कन्यांवर नंबर घातलेत, बैलांच्या झुंजी बघायच्या जागांचे. इथे मंडपांना नंबर का नाहीत?"

मी म्हटलं, "2016 साली तुमचं सान सेबास्तियान युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं ना? त्याच साली 22 फेब्रुवारीला इथे महामहम झालं. बारा वर्षांनी येतं. या एका तलावात लाखोंनी माणसं बुडी मारून गेली. राजधानीचं पद त्यांना वर्षभर मिळालं. इथे पुन्हा 2028 मध्ये!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. साडूभाऊंनीही पाहिलं. त्यांच्या नजरेत प्रथमच आपुलकी होती.

निघायच्या दिवशी साक्कोट्टैच्या रस्त्यावर कॉफी पिताना शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आमचं बोलणं ऐकून खुर्ची सरकवून जवळ आले. इथले मराठी, म्हणजे लोकांच्या बोलीत 'रायर'. व्यंकोजीराजे 1676 च्या सुमाराला तंजावरला स्थिरावले, 1855 मध्ये ते राज्य संपलं. माणसं मात्र राहिली आणि घरातली मराठीही. तमिळ हेल असलेल्या त्या मराठीत त्यांनी विचारलं, "पुण्यास जायचं फार दिवसांपासून मनात आहे. काय बघावं, काय खावं, काय घ्यावं?"

साडूभाऊंची वही मांडीवर होती. त्यांनी पानं उलटली. सान सेबास्तियान होतं, कुंभकोणम होतं, त्याआधीचीही गावं होती. पुणे नव्हतं. साठ वर्षं जिथे राहिले, त्या गावाचं एकही पान नव्हतं.

"पुण्यात काय ठेवलंय?" शेवटी ते म्हणाले. "त्यापेक्षा तुमचं साक्कोट्टै पाहा. काय शांतता! काय देऊळ! आणि ही कॉफी!"

म्हातारबुवा खूश झाले. मीही झालो. आमची गाडी तोवर येऊन उभी होती, म्हणजे साक्कोट्टै आता मागचं गाव झालं होतं.

कुंभ फुटला तेव्हा अमृत कुठे कुठे सांडलं याच्या पुष्कळ कथा आहेत. आपण उभे असतो त्या गावात ते पडत नाही, ही साडूभाऊंची.

परवा ऑफिसात एकाने कागदी कपातून कॉफी पुढे केली. मी घोट घेतला, डोळे मिटले आणि स्वतःचाच आवाज ऐकला, "साक्कोट्टैला काय होतं..."

घरी येऊन हे सांगितलं, तर बायको शांतपणे म्हणाली, "टोपी तेवढी आणायची राहिली तुमची."