साडेचारशे फुटांत आठ अँटेना

घर साडेचारशे चौरस फूट कार्पेट. हॉलमध्ये कुजबुजलेलं बेडरूममध्ये ऐकू येतं आणि बेडरूममधलं शेजारच्यांना. एवढ्याशा घरात म्हणे वाय-फाय पोचत नाही. मग कर्ता पुरुष दुकानात जातो आणि उताण्या खेकड्यासारखा दिसणारा, आठ अँटेनांचा खोका सात हजार मोजून घेऊन येतो. रेंज वाढते?

वाढते. शेजाऱ्याच्या मोबाइलवर.

अँटेना जितक्या जास्त तितकी रेंज जास्त, हा समज दुकानदारांनी फार प्रेमाने जोपासला आहे. राउटरने किती ताकदीने लहरी सोडायच्या याला सरकारी मर्यादा आहे, ती अँटेना मोजून वाढत नाही. शिवाय हा संवाद दुतर्फा. राउटर कितीही ओरडला तरी तुमच्या खिशातल्या फोनला उलट उत्तर द्यावं लागतं, आणि फोनला वाय-फायच्या अँटेना बहुधा दोनच. उरलेल्या सहा पाहुण्यांना दाखवायच्या.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘एएक्स ३०००’. हे ३००० आले कुठून? २.४ गिगाहर्ट्झ बँडचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२ एकत्र करून. तुमचा फोन यातल्या एका वेळी एकाच बँडवर बसतो. शिवाय हे आकडे कागदावरचे कमाल वेग. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही कुणी जात नाही. बेरीज कंपनी करते, वजाबाकी घरी होते.

आणि एवढा वेग हवाय कशाला? फोर-के सिनेमाला पंधरा ते पंचवीस एमबीपीएस पुरतात, साध्या एचडीला पाचच्या आसपास. चौघांनी चार फोर-के सिनेमे एकदम लावले तरी शंभरात भागतं.

चार टीव्ही लावायला भिंती आहेत का, ते आधी बघा.

खरा घोळ दुसरीकडेच आहे. फायबरवाला मुलगा येतो, दारावर ड्रिलने भोक पाडतो आणि चप्पल-स्टँडच्या वर खोका ठोकतो. “साहेब, वायर इथपर्यंतच येते.” साहेब मान डोलावतात. चहा होतो. मुलगा जातो. त्या दिवसापासून घरात सगळ्यात जोरदार नेट चपलांना मिळतं.

काही घरांत तो दारापाशी नसतो, टीव्हीमागच्या बंद कप्प्यात असतो. का? “दिसायला बरं दिसत नाही.” वर विणलेला रुमाल, बाजूला सेट-टॉप बॉक्स, पुढे फुलदाणी. राउटर तापतो, गुदमरतो, आठवड्यातून दोनदा बंद करून चालू करावा लागतो.

मग कंपनीला शिव्या.

मध्ये काय काय येतं, तेही बघा. लोखंडी कपाट. आरशामागचा धातूचा मुलामा. बाथरूमवरच्या माळ्यातली पाण्याची टाकी, कारण पाणी या लहरी पिऊन टाकतं. आरसीसीचा खांब, पोटात सळ्यांसह. आणि मायक्रोवेव्ह, जो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो. पोळी गरम होईपर्यंत मीटिंगमध्ये तुमचा चेहरा गोठलेला.

राउटर उंचावर, मोकळा, घराच्या मध्यभागी ठेवा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण घरातली मोक्याची जागा वास्तुवाल्याला विचारून ठरते. रेडिओ लहरींना ईशान्य कळत नाही. त्यांना ईशान्येची भिंत कळते, तीही अडथळा म्हणून.

आता शेजाऱ्यांकडे वळू. फोनवर वाय-फायची यादी उघडा. वीस नावं सहज. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झमध्ये तेरा चॅनेल, पण एकमेकांच्या पायात पाय न घालणारे तीनच: १, ६ आणि ११. मजल्यावर चार फ्लॅट, वर चार, खाली चार. तीन चॅनेलवर बारा बिऱ्हाडं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये याहून बरी परिस्थिती असते.

इथे ५ गिगाहर्ट्झ कामाला येतो. त्याची बदनामी एकच: भिंती ओलांडताना दमतो. बंगल्यात हा दोष खरा. पण वन बीएचकेत ओलांडायच्या भिंती किती? एक, फार तर दोन. तुमच्या लहरी शेजारी फारशा जात नाहीत, त्यांच्या तुमच्याकडे फारशा येत नाहीत. सोसायटीच्या सभेत जे कधी जमलं नाही, ते ५ गिगाहर्ट्झने जमवलं.

तेव्हा टीव्ही, लॅपटॉप, फोन ५ वर. २.४ राहू द्या स्मार्ट बल्बसाठी. बहुतेक स्मार्ट बल्बना दुसरं काही येतही नाही.

दुकानात ‘मेश’ दाखवतील. तीन डब्यांचा संच, प्रत्येक खोलीत एक. दोन फ्लॅट जोडून एक केलाय? मग जरूर घ्या.

पण मग हा मजकूर तुमच्यासाठी नाही.

‘गेमिंग राउटर’ही दाखवतील, लाल दिव्यांचा. चिरंजीवांचा आग्रह असेल तर पीसीला साधी लॅन केबल लावून द्या. खेळ सुधारेल. दहावीचे मार्क मात्र कोणत्याही बँडवर सुधारत नाहीत.

एक गोष्ट मात्र चष्मा लावून वाचा: पोर्ट. प्लॅन तीनशे एमबीपीएसचा आणि राउटरचा पोर्ट ‘फास्ट इथरनेट’चा, म्हणजे कमाल शंभरचा. उरलेल्या दोनशेंचे पैसे दर महिन्याला भरायचे आणि दारातच सोडून द्यायचे. ‘गिगाबिट’ लिहिलं नसेल तर खोका खाली ठेवा.

सुरक्षेबद्दल न बोललेलंच बरं. दाराला सेफ्टी डोअर, त्याला दोन कुलपं, जिन्यात सीसीटीव्ही, खाली वॉचमन. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड? ‘अ‍ॅडमिन’. वाय-फायचा? स्वतःचा मोबाइल नंबर. डब्ल्यूपीए ३ ही सुरक्षा २०१८ मध्ये आली. नवा राउटर घेताना ती आहे का बघा, आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण दाबून जोडणी, बंद करा. दोन्ही कामं जाहिरातींच्या एका ब्रेकमध्ये होतात.

लाइट गेली की नेट गेलं, हाही रोजचा रडगाणं-विभाग. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात येतो, तो राउटर आणि फायबरचा डबा तास-दोन तास ओढतो. अर्थात केबलवाल्याच्या जिन्यातल्या डब्याला बॅकअप नसेल, तर तुमचे दिवे लुकलुकतील आणि नेट नसेल. आधी त्याला विचारा. तो “करतो साहेब” म्हणेल.

म्हणजे नाही.

तर घ्यायचं काय? कदाचित काहीच नाही. फायबरबरोबर आलेला डबा उलटा करून लेबल वाचा. दोन्ही बँड आणि गिगाबिट पोर्ट त्यात असतील तर तोच पुरतो. नसेल तर साधा वाय-फाय ६ राउटर, दोन बँडचा, गिगाबिट पोर्टचा. तीन-साडेतीन हजारांच्या आसपास विषय संपतो. आणि जुन्या डब्याचं वाय-फाय बंद करा, नाहीतर घरातच दोन शेजारी तयार होतील.

पण त्याआधी दहा मीटर लॅन केबल आणा, काही शे रुपयांत येते. आहे तोच राउटर चपलांवरून उचलून हॉलमध्ये उंच, मोकळ्या जागी लावा आणि आठवडाभर वापरा. त्यानंतरही अडलं, तरच दुकानाची पायरी चढा.