निसर्गभ्रमंती, नाश्त्यासह

थंडी पडली की पुण्याचा माणूस निसर्गाला भेटायला निघतो. एकटा नाही, बसभर. भिगवणला, उजनीच्या जलाशयाकाठी उतरल्यावर पहिला शोध लागतो तो चहाचा. मग कानटोप्या, दुर्बिणी आणि हातभर लेन्स बांधावरून चालू लागतात. ‘शांतता पाळा’ हे मार्गदर्शकाला ओरडूनच सांगावं लागतं. पट्टकादंब पक्षी हिमालय ओलांडून इथवर येतात, तेही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप न काढता. रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग शेवाळातून आणि पाण्यातल्या बारीक जिवांतून येतो, असं मार्गदर्शक सांगत असतो. मंडळी तो रंग मोबाइलवर आणखी गडद करण्यात गुंतलेली. (पोहे मात्र छान होते, असं सर्वांचं मत पडतं.)

शेजारच्या रानात एक गृहस्थ चिखलात उभे राहून उसाला पाणी देत असतात. शेतीची वीज रात्रपाळीची, म्हणून रात्रभर तिथेच. थंडी त्यांनाही वाजतच असणार, पण नावनोंदणी केलेली नसल्याने तिला अनुभव म्हणता येत नाही.

‘‘काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.’’

काका होतात बाजूला. स्वतःच्याच उसात.