अपवाद आहे हं!

आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमसमोर ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘कधीच’ असलं काही बोलायची सोय नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरतो, मान कलते आणि पाठोपाठ येतंच, “अपवाद आहे हं!”

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाह्यपटलात लायपोपॉलिसॅकराइड असतं, एवढं घोकून पोरं तोंडी परीक्षेला येतात आणि फसतात. “आणि स्फिंगोमोनास?” मॅडमचा आवाज चढतो. “तिच्याकडे ते नाहीच मुळी! त्या जागी ग्लायकोस्फिंगोलिपिड. आपल्या मेंदूत असतात ना, त्याच घराण्यातलं!” या जिवाणूला आधी स्यूडोमोनासमध्ये कोंबलं होतं. 1990 साली जपानच्या एइको याबुउची आणि सहकाऱ्यांनी त्याची वेगळी प्रजाती केली. मॅडम हे अशा थाटात सांगतात, जणू बारशाला पाळण्याची दोरी यांच्याच हातात होती.

प्रयोगशाळेत त्यांचा जीव क्लोरोफॉर्मच्या थरात. “खालचा घ्या, खालचा! लिपिडं तळाशी आहेत!” कुणाच्या हातात प्लॅस्टिकची पिपेट दिसली की संपलंच. एकदा पातळ-थर क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर निनहायड्रिन फवारून ती तापवली, तर ऑर्निथिन लिपिडाच्या ठिपक्याशेजारी कुणाचा तरी अख्खा अंगठा जांभळा उमटला. “आम्ही सगळ्यांनी हातमोजे घातले होते, मॅडम,” वर्ग एका सुरात. पुढे काय ऐकावं लागलं, ते सांगायला नको. ती पट्टी मग फलकावर लागली, खाली चिठ्ठी: ‘मालकाने ओळख पटवून न्यावी.’ अर्थात नापास झालेल्या पोरासाठी रविवारी प्रयोगशाळा उघडणाऱ्याही याच. रविवारी कुलूप हवं, हा नियमही यांचाच.

त्यांच्याबरोबर मंडईत मात्र जाऊ नये. मेथीची जुडी उचलली की बाकीच्या बायका पानं बघतात, या मुळं. माती झटकून एखादी गाठ शोधतात, नखाने फोडतात आणि आत गुलाबी दिसलं की खुलतात. मागे रांग खोळंबलेली. “यात सायनोरायझोबियम राहतो, बरं का मावशी. मातीत फॉस्फेटची टंचाई झाली की पटलातली फॉस्फोलिपिडं कमी करतो आणि फॉस्फरस नसलेल्या लिपिडांवर भागवतो. इतका काटकसरी!”

मावशींनी जुडी त्यांच्या हातातून काढून पिशवीत कोंबली. “असंल बाई. वीस रुपये.”