साहेब, सही तुम्ही कापलीत

राजघाट, बुऱ्हाणपूर

आमच्या संगणक खोलीत डेबियनचा मिरर उभारून देणाऱ्या साहेबांना,

वर ‘सप्रेम नमस्कार’ नाही. तो विसरलेलो नाही. तुमचं नावही लिहीत नाही, कारण भांडण तुमच्या नावाशी नाही, तुम्ही केलेल्या कामाशी आहे. आणि पत्र कोणाला आहे हे तुम्हाला पहिल्या ओळीतच कळलं असेल.

तुमच्या कामातली एक गोष्ट मान्य करतो: डिस्क भरली नाही. जुनी, लहान डिस्क तुमच्या हाती दिली होती आणि ‘यात मावेल एवढंच ठेवा’ असं सांगितलं होतं. मावलं. ते मावावं म्हणून तुम्ही काय काय बाहेर फेकलंत, त्याचा हिशेब मागायला हे पत्र आहे. आणि तो चारचौघांत मागतोय, कारण खोलीत विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘चालतंय ना? मग झालं.’

चालत नाही, साहेब.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. डेबियन ही इयन मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेली आणि जगभरचे स्वयंसेवक चालवत असलेली संगणक प्रणाली. तिचे सगळे प्रोग्रॅम पॅकेजांच्या रूपात एका भांडारात असतात. ९ ऑगस्ट २०२५ रोजी ‘ट्रिक्सी’ ही तेरावी आवृत्ती आली, तेव्हा प्रकल्पानेच आकडे दिले: ६९,८३० पॅकेजेस, ४०३ जीबी. चाचणीतल्या आणि आधीच्या आवृत्त्या धरल्या तर सगळं भांडार काही टेराबाइटांवर जातं. ते अख्खं आणून ठेवायची आम्हाला गरज नाही आणि ऐपतही नाही. आमचं इंटरनेट म्हणजे खिडकीत ठेवलेला मोबाइल. फायरफॉक्सची नवी आवृत्ती आली आणि प्रत्येक मशीन तीच फाइल स्वतंत्रपणे उतरवू लागलं, की त्या दिवसाचा डेटा सकाळीच संपतो, मुलं रिकामी बसतात. म्हणून एकदाच उतरवायचं, एका मशीनवर ठेवायचं आणि बाकीच्यांनी तिथून घ्यायचं. यालाच मिरर म्हणतात, आणि एवढीच मागणी होती.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला ही कल्पना समजवावी लागू नये. पायाशी तापी वाहत असताना या शहराने १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून उतारा-उताराने गावात आणलं. त्या कुंडी भंडाऱ्याच्या शंभरावर कुंड्या एका रांगेत खोदल्या आहेत. बोगद्यात हवा जावी, खाली उतरून पाहता यावं, साफ करता यावं यासाठी. बांधणाऱ्यांनी सगळा सातपुडा गावात ओढून आणला नाही. गावाला लागेल तेवढं आणलं, आणि आणलेलं तपासायची वाट उघडी ठेवली. तुम्ही नेमकी ती वाट बुजवलीत.

आधी सोपं पाप. ट्रिक्सी सात प्रकारच्या प्रोसेसरांसाठी मिळते. आमच्या सगळ्या मशीनांना त्यातला एकच लागतो, एएमडी६४. बाकीचे सहा काढले असते तर मोठी जागा तिथेच सुटली असती. तुमच्या डिस्कवर मात्र एस३९०एक्स सापडलं. ते आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी असतं. राजघाटावर मेनफ्रेम कोणाच्या ओसरीत आहे, तेवढं सांगा. ‘झीरो ए.डी.’ या खेळाचा डेटाही जसाच्या तसा होता, एकटाच एक जीबीहून मोठा. आमच्या जुन्या मशीनांवर तो धड उघडतसुद्धा नाही.

मग जागा कुठून काढलीत? नावात ‘एल१०एन’ असलेली सगळी पॅकेजेस वगळलीत आणि ‘फॉन्ट्स’ने सुरू होणारी बरीचशी. म्हणजे फायरफॉक्सचं मराठी गेलं, लिब्रेऑफिसचं मराठी गेलं, लोहित देवनागरी हा फॉन्ट गेला. उर्दू गेली, हिंदीही गेली. या सगळ्यांचं वजन काही मेगाबाइट. मेनफ्रेम ठेवलीत आणि ज्या गावात घरोघरी मराठी, हिंदी, उर्दू बोलली जाते, तिथल्या मशीनवरून तिन्ही भाषा पुसल्यात. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच पडद्यावर मराठी निवडता येते. कुणीतरी पगाराशिवाय बसून त्यातलं एकेक वाक्य मराठीत आणलंय. तुम्ही एका ओळीच्या वगळणीने ते फेकून दिलंत, आणि फेकताना खोलीत कोण बसतं हे एकदाही विचारलं नाहीत.

पण खरा राग इथून पुढे आहे.

पॅकेज वगळलं तरी भांडाराच्या यादीत त्याचं नाव राहतं. म्हणून मराठी डेस्कटॉपचं पॅकेज टाकायला गेलं की ॲप्ट, म्हणजे पॅकेजेस आणून बसवणारा डेबियनचा प्रोग्रॅम, थांबायचं आणि ४०४ दाखवायचं: यादीत नाव आहे, फाइल नाही. ती चूक उघड होती. ती पाहून कोणीही विचारलं असतं की फाइल कुठे गेली. तुम्ही फाइल आणली नाहीत, यादीच बदललीत. डिस्कवर जे उरलं होतं त्याचीच नवी यादी स्वतः बनवलीत. आता शिफारस केलेली पॅकेजेस यादीतच नाहीत, त्यामुळे ॲप्ट त्यांच्यावाचून पुढे जातं आणि सगळं नीट झाल्यासारखं दाखवतं. यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातली एक मुलगी शाळेचा निबंध टाइप करायला बसली आणि पडद्यावर अक्षरांच्या जागी चौकोन आले. तिला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं. आधी मशीन खरं बोलत होतं. तुम्ही त्याला गप्प केलंत, आणि दोष त्या पोरीने स्वतःकडे घेतला.

यादी बदलली की सही तुटते. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीसोबत प्रकल्पाच्या किल्लीने सही केलेली एक फाइल येते. तिच्यात याद्यांचे चेकसम, म्हणजे फाइल बदलली की बदलणारे आकडे, असतात आणि याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा. ही साखळी शाबूत असेल तर पॅकेज आयआयटी कानपूरच्या मिररवरून आलं की अनोळखी माणसाच्या पेनड्राइव्हवरून, याने फरक पडत नाही. मधे कोणी एक बाइट बदलला तरी ॲप्ट नकार देतं. आमच्यासारख्या गरीब खोलीला कुठूनही आणलेली डिस्क बिनधास्त वापरता येते ती या सहीमुळे. तुमच्या घरगुती यादीवर डेबियनची सही असणं शक्यच नव्हतं. आपली किल्ली बनवून सही करायला अर्धा तास लागला असता. ॲप्टली किंवा रेप्रेप्रो हे भांडार बनवायचं साधन वापरलं असतं तर ते त्यांच्या नेहमीच्या वापरातच बसतं. तुम्ही ते केलं नाहीत. प्रत्येक मशीनच्या सोर्सेस फाइलमध्ये ‘ट्रस्टेड=येस’ लिहिलंत. म्हणजे या डिस्कवर जे असेल ते तपासू नका, मुकाट्याने बसवा, आणि तेही रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च अधिकाराने. हे लिहिताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही?

‘सही असूनही विष येतंच की,’ असं तुम्ही म्हणालात, आणि मार्च २०२४ मधल्या एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमचं उदाहरण दिलंत. खरं आहे. त्या वेळी मूळ प्रकल्पातच घातलेली मागची वाट रीतसर सही होऊन डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत आली. स्थिर आवृत्तीत पोचण्याआधी आंद्रेस फ्रॉइंड यांनी ती पकडली, कारण एसएसएचला, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅमला, लागणारा अर्ध्या सेकंदाचा उशीर त्यांना खटकला. आणि पकडल्यावर नेमकी कुठली आवृत्ती कोणाकडे गेली हे शोधता आलं, कारण प्रत्येक फाइलचा माग होता. तुमच्या डिस्कचा माग कोण काढणार? एका दारातून चोर आला म्हणून बाकीची दारं उखडून टाकायची, हा कुठला शहाणपणा?

आणि ट्रिक्सीचं सुरक्षा भांडार? ते तर तुम्ही घेतलंच नाहीत. ते मुख्य भांडारापासून वेगळं असतं, लहान आणि सगळ्यांत तातडीचं. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधला दोष जाहीर केला. लॉगिन न करताच दुरून रूटचा ताबा मिळवता येण्याची शक्यता त्यात होती. डेबियन १२ साठी दुरुस्ती त्याच दिवशी आली, आणि ती आली सुरक्षा भांडारातूनच. असं पुन्हा घडलं तर आमच्या मशीनांपर्यंत दुरुस्ती येणारच नाही, आणि ॲप्ट मात्र म्हणत राहील की सगळं अद्ययावत आहे. खेळाला जागा होती. याला नव्हती.

काय करायचं ते आम्ही ठरवलंय. तुमची यादी पुसणार. डेबमिरर वापरणार: फक्त एएमडी६४, फक्त ट्रिक्सी, तिचे अपडेट्स आणि सुरक्षा भांडार, सहीची तपासणी चालू. वगळायचा नमुना ठेवला तरी मराठी, हिंदी, उर्दूसाठी ‘इन्क्लूड’ लिहिता येतं. तेही तुमच्याकडून राहिलं होतं. डेबमिरर आधी पॅकेजेस उतरवतो आणि शेवटी यादी बदलतो, त्यामुळे मधेच वीज गेली तरी यादी आणि फाइल यांची फारकत होत नाही. बाकी क्वचित लागणाऱ्या पॅकेजांसाठी ॲप्ट-कॅशर-एनजी बसवणार. कोणी एकदा मागितलं की ते साठवतं आणि पुढच्याला तिथूनच देतं, डेबियनच्या मूळ सहीला हात न लावता. माझ्या मते बहुतेक लहान खोल्यांना एवढंच पुरेल. आमच्याकडे नेट दिवसदिवस गायब असतं, म्हणून मिररही हवा. आणि प्रत्येक मशीनवरची ती ‘ट्रस्टेड=येस’ची ओळ मोठी मुलं स्वतःच्या हाताने खोडणार आहेत, का खोडायची हे समजून घेऊन.

त्यासाठी तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. मिररच्या मशीनचा रूट पासवर्ड अजून फक्त तुमच्याकडे आहे. ‘कोणी बिघडवू नये म्हणून’ तो दिला नाही, असं तुम्ही म्हणता. रविवारी सकाळी खोली उघडी असते. कागदावर लिहून आणा, सगळ्यांसमोर द्या. आणि आलात तर त्या मुलीशेजारी बसून तिच्या मशीनवर लोहित देवनागरी टाकून द्या. तिला सांगा की चूक तिची नव्हती.

राजघाटावरच्या संगणक खोलीत शिकवणारा एक