मिकीची पाटी पुन्हा बदलली!

अहो, ऐकलंत का? या जरा अशा जवळ, समोरच्या काकूंचे कान फार लांब आहेत. त्या डिस्नीच्या कॅसेटी आठवतात ना, फुगीर प्लास्टिकच्या डब्यातल्या, उघडताना फट्‌कन आवाज करणाऱ्या? सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर त्यांची पाटी यायची बघा, तो लोगो हो! मी तर म्हणते, त्या घराण्याची सगळी लक्षणं त्या पाटीवरच वाचून घ्यावीत. दर थोड्या वर्षांनी पाटी नवी, आत सिनेमा तोच. आणि लोकही पुन्हा पैसे मोजणार. आता मी कुणाला नावं ठेवत नाही, पण...

सुरुवात कशी झाली माहितीय ना? सोनीचं ते बेटामॅक्स 1975 साली आलं. टीव्हीवरचा कार्यक्रम घरच्या घरी टेप करायचा आणि सवडीनं बघायचा, एवढंच त्या मशीनचं काम. झालं! डिस्नी आणि युनिव्हर्सलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून सोनीला लॉस एंजेलिसच्या कोर्टात खेचलं. म्हणे, आमचे सिनेमे लोक फुकटात उतरवून घेणार. आणि हे ऐकाच तुम्ही, सोनीबरोबर एका साध्यासुध्या गिऱ्हाइकालाही प्रतिवादी केलं होतं. तो कोण निघावा? यांच्याच वकिलांचा अशील! तुमच्याकडून दमडी मागणार नाही हो, असं आधीच कबूल करून उभा केलेला. नंतर सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्राच्या तळटीपेत छापून आलं सगळं. काय तोंड दाखवलं असेल वकिलांनी...

बाहेर गलका केवढा! सिनेमावाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष जॅक व्हॅलेंटी 1982 साली थेट अमेरिकी काँग्रेसपुढे जाऊन बसले. काय म्हणाले असतील? घरात एकट्या असलेल्या बाईला बॉस्टनचा तो गळा दाबणारा खुनी जसा, तसं आम्हांला हे मशीन! अगंबाई, काही तारतम्य? आणि दुसरीकडे फ्रेड रॉजर्स, तेच हो, स्वेटर घालून मुलांशी गोड बोलणारे टीव्हीवरचे. त्यांनी साक्षीत शांतपणे सांगितलं, माझा कार्यक्रम टेप करून कुटुंबानं सोयीच्या वेळी पाहिला तर माझी काही हरकत नाही. 1984 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं निकाल दिला तेव्हा ही साक्ष आवर्जून नमूद केली. पाच विरुद्ध चार! एका मतानं सोनी सुटली आणि यांची तोंडं एवढीएवढीशी झाली.

तर काय सांगत होते... हां, पाटी. खरी मजा पुढेच आहे. खटला कोर्टात तसाच लोंबकळत होता आणि 1980 मध्ये या बाईसाहेब... म्हणजे कंपनीनं हो, स्वतःच्याच कॅसेटी बाजारात आणल्या! 'पीट्स ड्रॅगन', 'द लव्ह बग' असे 13 नग. आणि कॅसेट कशावर चालायची? व्हीएचएसवर आणि त्या मेल्या बेटामॅक्सवरसुद्धा! ज्याच्या नावानं बोटं मोडायची त्याच्याच मशीनसाठी माल विकायचा. मला तर हसूच आवरलं नाही. तेव्हाची पाटी म्हणजे तो निऑनचा मिकी. काळाकुट्ट पडदा आणि त्यावर रंगीत दिव्यांच्या रेषांनी उमटणारा चेहरा. त्या कॅसेटी पाहत वाढलेली काही मंडळी आता पन्नाशीला आली, तरी सांगतात, आम्ही तेवढ्यापुरते डोळे मिटायचो.

पण खरा माल काही बाहेर काढला नव्हता बरं का. 'स्नो व्हाइट', 'पिनोकियो', 'सिंड्रेला' ही सगळी कुलपात. दर सातेक वर्षांनी थिएटरात लावायची, नवी पोरं जन्मलेली असतातच, पुन्हा गल्ला भरायचा. 'डम्बो' आणि 'ॲलिस' तेवढे 1981 मध्ये कॅसेटवर आले, कारण ते टीव्हीवर दाखवून झाले होते, म्हणजे त्यांचं सोवळं आधीच मोडलेलं.

मग 1984 च्या सप्टेंबरात घरात नवे कारभारी आले, मायकेल आयस्नर आणि फ्रँक वेल्स. त्याच डिसेंबरात 'रॉबिन हूड'ची कॅसेट निघाली आणि तिच्यावर नवी पाटी, 'द क्लासिक्स', काळ्या हिऱ्याच्या चौकटीत. पुढच्या जुलैत 'पिनोकियो' कुलपाबाहेर. किंमत विचारा. 79.95 डॉलर! त्या काळी! दुकानवाल्यांनी घ्यावी आणि भाड्यानं फिरवावी असा हिशेब. पण नाताळ जवळ आला तसं यांच्या लक्षात आलं की आई-बापांना कॅसेट घरी ठेवायचीय, पोरं तीच ती शंभरदा बघतात. लगेच किंमत 29.95 वर! पोराच्या हट्टापुढे कुणाचं चाललंय? 1986 पासून निऑनवाला मिकी गेला आणि 'फँटेसिया'तला निळ्या टोपीचा जादूगार मिकी होम व्हिडिओच्या पाटीवर येऊन उभा राहिला. तो मात्र छान होता हं, ते कबूल करायला हवं. प्रसन्न. त्या निऑनच्या भुतापेक्षा कितीतरी बरा.

आणखी एक. मोठ्यांचे, थोडे चावट सिनेमे काढायचे तर घराण्याचं नाव कसं लावणार? म्हणून 1984 मध्येच 'टचस्टोन' नावाची वेगळी पाटी केली, पहिला सिनेमा 'स्प्लॅश'. पैसा मात्र एकाच तिजोरीत. असो...

अहो, पेगी लीचं राहिलंच की! तुम्हांला 'लेडी अँड द ट्रॅम्प'मधल्या त्या दोन सयामी मांजरी आठवतात? त्यांचे आवाज तिचेच, गाणीही तिनंच संगीतकार सनी बर्कबरोबर रचलेली. 1952 मध्ये करार झाला तेव्हा घरी बसून सिनेमा बघायची कल्पना कुणाच्या स्वप्नात होती? पण बाई हुशार. लोकांना विकायच्या ध्वनिमुद्रणांचा हक्क तिनं करारात स्वतःकडे राखला होता. 1987 मध्ये हिऱ्याची पाटी लावून ती कॅसेट आली, लाखांनी खपली, आणि बाईच्या हाती काय? काही नाही! तिनं खटला भरला. कंपनी म्हणे, ध्वनिमुद्रण म्हणजे तबकडी, कॅसेट कशी? ज्यूरीला ते काही पटलं नाही. 1991 मध्ये तिला 23 लाख डॉलर मिळाले. चार ओळी नीट वाचून सही केल्याचे! त्याच सुमाराला 'स्लीपिंग ब्यूटी'चा आवाज असलेल्या मेरी कोस्टानंही कोर्टाची पायरी चढली आणि 'फँटेसिया'ची कॅसेट आल्यावर फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदानंही. सगळ्यांना आपापले जुने करार एकदम आठवायला लागले.

हिऱ्याच्या पाटीखाली अजून एक भानगड झाली, पण ती कशी सांगू तुम्हांला... 'लिटल मर्मेड'च्या डब्यावरचा तो सोन्याचा महाल. त्यातला एक मनोरा असा काही काढलेला की... जाऊ दे, समजून घ्या. 1990 मध्ये एका आईनं तक्रार केली आणि ॲरिझोनातल्या एका दुकानवाल्यानं कॅसेटी फळीवरून उतरवल्या. लगेच कुजबुज सुरू, चित्रकाराला कामावरून काढणार होते म्हणून त्यानं सूड उगवला. छे हो! तो कंपनीचा नोकरच नव्हता, वेळेत काम उरकायची घाई झालेली, इतकंच. पण खरी गोष्ट कुणाला हवी असते?

त्याहून मोठी गोष्ट 1999 ची. 'द रेस्क्युअर्स', उंदरांचा गोड सिनेमा, 1977 चा. जानेवारीत कॅसेट बाजारात आली आणि तीनच दिवसांत कंपनीनं 34 लाख कॅसेटी परत मागवल्या! का? उंदीर उडत जातात तिथे मागच्या एका खिडकीत, फक्त दोन फ्रेममध्ये, एका उघड्या बाईचा फोटो. डोळ्यांनी चालत्या सिनेमात दिसणारच नाही, थांबवून बघावं लागतं. पण थांबवायची सोय कुणी दिली? व्हिडिओनं! थिएटरात 22 वर्षं कुणाला पत्ता नव्हता. हे आमच्या चित्रकारांचं काम नाही, नंतरच्या टप्प्यावर कुणीतरी घुसडलं, असा खुलासा कंपनीनं केला. कुणी घुसडलं? अळीमिळी गुपचिळी.

बरं, त्या काळ्या हिऱ्याच्या कॅसेटींचं तुमच्याही व्हॉट्सॲपवर आलं असेलच, लाखो रुपयांना जातात म्हणून. आमच्या न्यू जर्सीच्या नणंदेनं तर ट्रंकच उघडली. मी तिला म्हटलं, अहो वन्सं, विकणाऱ्यानं मागितलेली किंमत आणि घेणाऱ्यानं दिलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो! या कॅसेटी लाखांनी नाही, कोटींनी छापल्यात. काही डॉलर आले तर मिळवले. तिचा चेहरा असा उतरला व्हिडिओ कॉलवर... हीच नणंद नव्वदच्या दशकात 'अलादिन'ची कॅसेट केवढ्या कौतुकानं घेऊन आली होती! आपल्याकडच्या व्हीसीआरमध्ये घातली तर चित्र काळं-पांढरं आणि वर-खाली सरकतंय. अमेरिकेची पद्धत एनटीएससी, आपली पाल. पोरं बिचारी अर्धा तास ते सरकतं चित्रच बघत बसली होती.

तर काय सांगत होते... 1994 मध्ये हिऱ्याची पाटी उतरली आणि 'मास्टरपीस कलेक्शन' लागलं. कुलपातली शेवटची मानाची 'स्नो व्हाइट' त्याच पाटीखाली प्रथमच कॅसेटवर आली. पुढच्या मार्चमध्ये 'लायन किंग', तो तर तीन कोटींच्या घरात खपला. कुणाला वाटेल, आता झालं समाधान. कुठलं! 2000 मध्ये 'गोल्ड'. 2001 मध्ये 'प्लॅटिनम' आणि त्यात पहिली कोण? 'स्नो व्हाइट'. 2009 मध्ये 'डायमंड', पहिली 'स्नो व्हाइट'. 2016 मध्ये 'सिग्नेचर', पहिली पुन्हा 'स्नो व्हाइट'! मधल्या काळात कुलपात टाकायची, जाहिरातीत सांगायचं की आता घ्या, नाहीतर वर्षानुवर्षं मिळणार नाही, आणि लोकांचा जीव टांगणीला लावायचा. 1937 ची पोरगी, पण दरवेळी नवी नवरी म्हणून उभी केली तिला. नंतर 2019 मध्ये 'डिस्नी प्लस' निघालं आणि कुलपाचा धाकच संपला. महिन्याचे पैसे भरा, काय ते बघा.

आणि आता हे शेवटचं, कान इकडे करा. 2024 च्या फेब्रुवारीत यांनी अमेरिकेतला आणि कॅनडातला डिस्क काढायचा, विकायचा सगळा कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवला. कुणाच्या? सोनीच्या! हो हो, त्याच सोनीच्या, जिला 1976 मध्ये कोर्टात खेचलं होतं. मग ती सात वर्षं वकील कशासाठी पोसले, ते त्यांचं त्यांनाच विचारा.