‘माझ्याकडे तर चालतंय’ : पूर्वतयारी

पनवेलहून ऐरोलीला नोकरीसाठी जाणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याच्या पदरात दोन सुखं असतात. ठाण्याची लोकल पनवेललाच लागत असल्यामुळे मिळणारी खिडकी, आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य. खिडकीसाठी फक्त वेळेवर उठावं लागतं. वाक्यासाठी मात्र अख्ख्या टीमच्या पॅकेजांत बेबनाव माजवावा लागतो. तो कसा माजवावा, ते पुढे दिलं आहे.

आरंभ कॅरेटपासून, म्हणजे ^ या चिन्हापासून करावा. पॅकेजच्या आवृत्तीत तीन आकडे असतात. पहिला बदलला की जुनं मोडण्याची मुभा, दुसरा बदलला की नवी सोय, तिसरा म्हणजे किरकोळ दुरुस्ती. त्यांच्या डोक्यावर कॅरेटची टोपी चढवली की पॅकेजं आणून देणारं एनपीएम पहिला आकडा तेवढा सांभाळतं आणि बाकी जे ताजं असेल ते आणतं. सोमवारी इन्स्टॉल करणाऱ्याला एक मिळतं, गुरुवारी करणाऱ्याला दुसरं. वाटेत धोंड एकच, लॉकफाइल. २०१७ साली आलेल्या एनपीएम ५ पासून ती आपोआप तयार होते आणि प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती टिपून ठेवते. ती गिटइग्नोअरमध्ये ढकलावी, म्हणजे ती टीमपर्यंत पोचतच नाही. कोणी विचारलंच तर ‘फार मोठी आहे, रिव्ह्यूला त्रास होतो’ म्हणावं. हे खरंही आहे, त्यामुळे वाद होत नाही.

आता प्रेटियर. कोड नीटनेटका करणारं हे पॅकेज प्रोजेक्टमध्ये घालूच नये. ज्याने त्याने आपापल्या एडिटरमधलं वापरावं. सेटिंगची फाइल तर मुळीच ठेवू नये, ‘आपण डिफॉल्टच वापरतो’ असं अभिमानाने सांगावं. गंमत अशी की डिफॉल्ट आपल्या मालकीचं नसतं. २०२० साली प्रेटियर २.० आलं आणि अनेक ओळींत पसरलेल्या यादीच्या शेवटच्या घटकामागेही स्वल्पविराम लागू लागला. २०२३ मध्ये ३.० आलं, तेव्हा फंक्शनच्या आर्ग्युमेंटांनाही तोच प्रसाद मिळाला. म्हणजे तुमच्याकडे दोन असावं, शेजारच्याकडे तीन. तो फाइल सेव्ह करतो, स्वल्पविराम उगवतात. तुम्ही सेव्ह करता, मावळतात. तीन ओळींची दुरुस्ती असते, पण पुल रिक्वेस्टमध्ये चाळीस फाइली लाल-हिरव्या होऊन येतात. तपासणारा अर्ध्यापर्यंत स्क्रोल करतो, चहाकडे बघतो आणि ‘ठीक वाटतंय’ असं लिहून मोकळा होतो. खरा बग सदतिसाव्या फाइलीत सुखरूप राहतो. (कंटाळलेल्या रिव्ह्यूअरइतका बगचा दुसरा मित्र नाही.)

डिफॉल्टवरची ही श्रद्धा डेटाबेसपर्यंत न्यावी. मोंगोडीबीच्या जुन्या आवृत्त्या पासवर्ड न मागता कितीतरी सर्व्हरवर साऱ्या इंटरनेटला दार उघडत असत. जानेवारी २०१७ मध्ये चोरांनी असे हजारो डेटाबेस रिकामे केले आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्याच वर्षीच्या ३.६ पासून डेटाबेस मुळातच फक्त आपल्या मशीनचं ऐकतो. तेव्हा अपडेट टाळावं. जुन्या आवृत्तीत ती सोय अजून शाबूत आहे.

पॅकेजं निवडताना हात आखडता घेऊ नये. लेफ्ट-पॅड हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज, काम काय तर मजकुराच्या डावीकडे जागा भरणं. २२ मार्च २०१६ रोजी त्याच्या लेखकाने ते एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरची बिल्डं कोसळली. ११ ओळी आपण स्वतः लिहाव्यात, असा क्षुद्र विचार तेव्हाही फारसा कोणी केला नव्हता.

राहता राहिला आवृत्तीचा पहिला आकडा बदलण्याचा मुहूर्त. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, तिची महापालिका झाली २०१६ साली. पहिला आकडा बदलायला गावाने १६४ वर्षं घेतली. तुम्हाला एवढी सवड कुठली? तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी बदला, कोणाला न सांगता, आणि कमिटच्या मेसेजमध्ये ‘किरकोळ बदल’ असं लिहून ऐरोलीहून गाडी धरा. फोन साधारण जुईनगरच्या पुढे येतो.

एक इशारा. टीममध्ये कोणी लॉकफाइल कमिट करत असेल, प्रेटियर कॅरेट न लावता नेमक्या आवृत्तीला बांधत असेल, सेटिंगची फाइल रेपोत ठेवत असेल आणि बिल्डमध्ये लॉकफाइलबरहुकूमच इन्स्टॉल करणारं ‘एनपीएम सीआय’ चालवत असेल, तर वरचं फारसं काही लागू पडणार नाही. अशा माणसाला ताबडतोब दुसऱ्या प्रोजेक्टवर पाठवा.